गोचीडताप हा एक रोग नाही, म्हणून त्याचं इंजेक्शनही एक नाही

"डॉक्टर, गायीला गोचीडताप आलाय. जाता जाता तेवढं इंजेक्शन मारून जा."

पावसाळ्यात हा फोन रोज येतो. फोन करणाऱ्याची तळमळ खरी असते. गायीने दोन दिवस वैरणीला तोंड लावलेलं नसतं, दूध निम्म्यावर आलेलं असतं आणि शेजाऱ्याची गाय गेल्या महिन्यात एका इंजेक्शनवर उठलेली असते. मग तेच इंजेक्शन आपल्या गायीला का नको? कारण 'गोचीडताप' या एका नावाखाली निदान तीन वेगळे रोग येतात. तिघांचे जंतू वेगळे, तिघांवरची औषधं वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर जंतू मरत नाही, फक्त दिवस जातात, आणि या रोगांमध्ये दोन दिवस म्हणजे कधी कधी अख्खी गाय असते.

तर आधी हे तीन जंतू ओळखू.

पहिला बॅबेसिया. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून हा रक्तात उतरतो आणि थेट तांबड्या पेशीत शिरतो. आत एकाचे दोन होतात, पेशी फुटते, बाहेर पडलेले जंतू नव्या पेशी गाठतात. फुटलेल्या पेशींतला लाल रंग मूत्रपिंडातून लघवीत उतरतो. कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी लघवी आणि सोबत अंगात सणसणीत ताप, ही याची ओळख. लहान वासरांना हा सहसा फार त्रास देत नाही, मोठ्या जनावराला मात्र आडवं करतो.

दुसरा थायलेरिया, आपल्याकडच्या संकरित गायींचा खरा वैरी. तो तांबड्या पेशीत नंतर जातो. आधी पांढऱ्या पेशीत घर करतो आणि तिला वेड्यासारखी वाढायला लावतो, जवळजवळ कॅन्सरच्या पेशीसारखी. म्हणून खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी होते. ताप 104 ते 107 अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. इथे वासरंही सुटत नाहीत; काही वासरांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. गावठी गायीला हाच जंतू झाला तर ती बहुतेकदा थोडक्यात निभावते. होल्स्टीन किंवा जर्सीच्या रक्ताची गाय निभावेलच असं नाही.

तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मा. हा तर परजीवी प्राणीच नव्हे, जिवाणूंच्या कुळातला आहे. तांबड्या पेशीच्या कडेला ठिपक्यासारखा बसतो. त्याने पेशी रक्तात फुटत नाहीत, प्लीहा त्यांना आजारी समजून गिळते. म्हणून जनावर पांढरंफटक पडतं, कावीळ होते, शेण घट्ट होतं, पण लघवी लाल होत नाही.

आता लाल लघवीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण इथे फसगत फार होते. म्हैस व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांत अचानक लाल लघवी करू लागली आणि अंगात ताप नसेल, तर तो बहुधा गोचीडताप नाहीच. तो स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, कमतरतेचा आजार असतो. त्यात जंतूनाशक कितीही टोचा, उपयोग शून्य. तिला शिरेतून फॉस्फेट द्यावं लागतं. थर्मामीटरला तुमच्या गोठ्यात खुंटी हवी, ती यासाठी.

मग कोणता जंतू हे कळतं कसं? काचेवर.

कानाच्या टोकाचे केस कातरायचे, स्पिरिटने पुसायचं, ते वाळू द्यायचं आणि बारीक शिरेला सुई टोचायची. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा थेंब काचेच्या एका टोकाला घ्यायचा आणि दुसरी काच तिरकी धरून एका दमात पुढे सरकवायची. रक्ताचा इतका पातळ पापुद्रा व्हायला हवा की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता यावीत. तो वाळवायचा, मिथेनॉलमध्ये पक्का करायचा, जिम्सा नावाचा रंग अर्धा तास चढवायचा आणि तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली बघायचं. गुलाबी गोल पेशींच्या रानात बॅबेसिया दिसतो तो जोडीने, दोन थेंब टोकाला टोक लावून ठेवल्यासारखा. थायलेरिया बारीक अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा. अ‍ॅनाप्लाझ्मा म्हणजे पेशीच्या काठावर टेकवलेला गडद टिंब. इतकी वर्षं झाली तरी ती जोडी नजरेला पडली की अजूनही पाठ ताठ होते, कारण पुढे काय करायचं याचं उत्तर त्याच क्षणी मिळालेलं असतं.

थायलेरियात एक अडचण आहे. पहिल्या काही दिवसांत तो तांबड्या पेशीत पोचलेलाच नसतो, त्यामुळे रक्ताची काच कोरी येऊ शकते. तेव्हा सुजलेल्या गाठीतच सुई घालून दोन थेंब ओढायचे आणि काचेवर पसरायचे. पांढऱ्या पेशींच्या आत निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसले की शंका उरत नाही.

काच घ्यायची ती सुई मारण्याआधी. योग्य औषध लागलं की बॅबेसिया रक्तातून झपाट्याने नाहीसा होतो. मग दुसऱ्या दिवशी जनावर बिघडलं तर मुळात काय होतं हे शोधायला हातात काही राहत नाही. तुमच्या डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक नसेल तरी काच घेऊन ती वाळवून कागदात गुंडाळून तालुक्याच्या सर्वचिकित्सालयात, पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागात किंवा जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवता येते. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर, यांपैकी एखादं तरी आवाक्यात असतं. जनावर अगदीच गळालेलं असेल तर निकालाची वाट बघत कोणी बसत नाही. काच घेऊन ठेवायची आणि लक्षणांवरून उपचार सुरू करायचे. काच घेण्यात दोन मिनिटं जातात. ती वाचवू नका, एवढीच माझी विनंती असते.

आता औषधांकडे येऊ.

रक्तातले जंतू रसायनाने मारता येतील ही कल्पना शंभर वर्षांपेक्षा थोडी जुनी आहे, आणि तिची सुरुवात कापडाच्या रंगांसारख्या रंगांपासून झाली. काही रंग जंतूलाच घट्ट चिकटतात आणि बाकीच्या पेशींना कमी, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखने हेरलं आणि 1904 मध्ये ट्रिपॅन रेड तयार झालं. 1909 मध्ये कुत्र्यांच्या बॅबेसियावर ट्रिपॅन ब्लू वापरलं गेलं. ते लागू पडायचं, पण जनावराचं मांस आणि कातडी निळी पडायची. त्यानंतर बऱ्याच खटपटी होऊन 1955 मध्ये डिमिनाझिन आलं. बेरेनिल या नावाने ते आपल्या गावागावात पोचलं, इतकं की कित्येक ठिकाणी कंपनी कुठलीही असली तरी लोक त्याला बेरेनिलच म्हणतात.

डिमिनाझिन बॅबेसियावर चालतं आणि चावऱ्या माश्यांनी पसरणाऱ्या सर्रा या रोगावरही चालतं. स्नायूत खोलवर देतात. बॅबेसियासाठी मात्रा किलोमागे साडेतीन मिलिग्रॅम, सर्रासाठी त्याच्या दुपटीपर्यंत. त्याच बॅबेसियावर दुसरं औषध आहे इमिडोकार्ब. ते कातडीखाली देतात, शिरेतून कधीच नाही. ते शरीरात आठवडेच्या आठवडे टिकतं. हा त्याचा गुण, कारण काही काळ नव्या लागणीपासूनही संरक्षण मिळतं, आणि हाच दोष, कारण त्याचा अंश दुधामांसात दीर्घकाळ राहतो. लेबलवर दूध किती दिवस विकायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना विचाराच. ते दूध घरातलं लेकरूही पितं.

थायलेरियावर या दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. त्याचं औषध ब्युपारव्हाक्वोन. जंतूच्या आतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ते बंद पाडतं. मानेच्या स्नायूत, किलोमागे अडीच मिलिग्रॅम, आणि गरज पडली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा. हे औषध महाग आहे आणि लवकर दिलं तरच चमत्कार दाखवतं. गाठी सुजल्यात, ताप आहे, पण गाय अजून उभी आहे, त्या वेळी दिलं तर बहुतेक गायी उठतात. डोळ्याची आतली कातडी कागदासारखी पांढरी झाल्यावर दिलं तर जंतू मरतात, पण गेलेलं रक्त परत येत नाही. तेव्हा धडधाकट गायीचं चार-पाच लिटर रक्त काढून चढवावं लागतं, आणि गोठ्यात ते करता येतं. ट्युनिशिया आणि इराणमध्ये या औषधाला न जुमानणारे थायलेरिया सापडले आहेत. अर्धवट मात्रा देत राहिलो तर तीच वेळ आपल्यावर यायला काय अडचण आहे?

अ‍ॅनाप्लाझ्मा जिवाणू असल्याने त्याला टेट्रासायक्लिन गटातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन लागतं. ते शिरेतून द्यायचं तर पातळ करून आणि अगदी सावकाश.

अर्धवट मात्रेचं बोललो, त्याचं मूळ वजनात आहे. "असेल अडीचशे-तीनशे किलो" हा आमच्या व्यवसायातला सगळ्यात महागडा अंदाज. गोठ्यात काटा नसतो, पण शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि 660 ने भागा. किलोत वजन येतं. समजा घेर 66 इंच आणि लांबी 58 इंच. 66 गुणिले 66 म्हणजे 4,356, गुणिले 58 म्हणजे 2,52,648, भागिले 660 म्हणजे सुमारे 383 किलो. या गायीला ब्युपारव्हाक्वोनचं नेहमीचं द्रावण 20 किलोला 1 मिली या हिशोबाने 19 मिली लागतं, आणि एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त द्यायचं नाही म्हणून मानेच्या दोन बाजूंना विभागून. हीच गाय "अडीचशेची" धरली तर तिला साडेबारा मिली मिळतं, म्हणजे एक तृतीयांश औषध कमी. उलट मिलीला 120 मिलिग्रॅमचं इमिडोकार्ब तिला बॅबेसियासाठी चार मिलीसुद्धा लागत नाही. सिरिंज तीच, गाय तीच. औषध बदललं की माप पार बदलतं.

हे आकडे मी मुद्दाम दिले, पण स्वतः टोचण्यासाठी नव्हे. डॉक्टर किंवा पर्यवेक्षक गोठ्यात आले की तुम्ही टेप हातात घेऊन उभे राहावं आणि "साहेब, किती किलोला किती मिली?" एवढं विचारावं म्हणून. या प्रश्नाचा राग येण्याचं कोणालाही कारण नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत हा हिशोब जीवघेणा होतो. डिमिनाझिनचं तयार द्रावण मोठ्या जनावराला 100 किलोमागे 5 मिली देतात. 15 किलोच्या कुत्र्याला त्याच हिशोबाने पाऊण मिली येतं. पाऊण. माझ्याकडे एकदा शेतावरचा राखणदार कुत्रा आणला होता. गायीसाठी आणलेली बाटली उरली होती, कुत्र्याच्या अंगावरही गोचिडी होत्या, म्हणून घरच्यांनी उरलेलं पाच मिली त्याला टोचलं होतं. म्हणजे जवळजवळ सातपट. तो उभा राहायचा आणि एका बाजूला कलंडायचा, बुबुळं एकसारखी फिरत होती, मालकाचा आवाज ऐकून शेपटी मात्र हलवत होता. या औषधाचा कुत्र्याच्या मेंदूवर होणारा परिणाम उतरवणारं उलट औषध नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या घरातलं कोणी निष्काळजी नव्हतं. त्यांना वाचवायचंच होतं.

शहरात ज्याला 'टिक फीवर' म्हणतात, तोही एक रोग नाही. कुत्र्यात बॅबेसियाच्या दोन जाती आपल्याकडे भेटतात. मोठ्या जातीवर इमिडोकार्ब चांगलं चालतं: किलोमागे 6.6 मिलिग्रॅम, आणि 14 दिवसांनी पुन्हा. ते दिल्यावर कुत्रा लाळ गाळतो, उलटी करतो, जुलाब होतात, म्हणून बहुतेक डॉक्टर आधी अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. लाळ दिसली म्हणून घाबरून दुसरा डोस चुकवू नका. लहान जातीचं, म्हणजे बॅबेसिया गिब्सोनीचं, वर्णन पहिल्यांदा झालं तेच भारतात, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये, 1910 मध्ये. तिच्यावर डिमिनाझिन आणि इमिडोकार्ब ही दोन्ही इंजेक्शनं अपुरी पडतात. ताप उतरतो, महिन्याभराने रोग परत उसळतो. तिला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र, दहा दिवस तोंडाने द्यावं लागतं. आणि शहरी कुत्र्यांमध्ये वरचेवर सापडणारा एर्लिकिया हा पुन्हा जिवाणू. त्याचं औषध इंजेक्शन नसून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, 28 दिवस. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि गोळ्या बंद होतात, इथेच घोटाळा होतो.

सर्राचं नाव मघाशी आलं. तो गोचिडीने नव्हे, टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्यांनी पसरतो. त्याचा जंतू ट्रिपॅनोसोमा 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या सैन्यातल्या पशुवैद्याने आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान इथे आजारी घोडे आणि उंटांच्या रक्तात पाहिला. हाच रोगाचं कारण आहे हे त्याचं म्हणणं वरिष्ठांना पटलं नव्हतं. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला तर तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा हा जीव रंग न चढवताही दिसतो. तो रक्तातली साखर खातो, म्हणून जनावर गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावतं, झटके येतात. आधी ग्लुकोज, मग जंतूवरचं औषध. कुत्र्यात याने डोळ्यावर निळसर पडदा येतो. घोडा आणि उंट यांना डिमिनाझिन मानवत नाही. त्यांना क्विनापायरामिन देतात, तेही कातडीखालीच. सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणणाऱ्यांनी आणल्या आणल्या रक्त तपासून घ्यावं.

माणसाला सहसा सर्रा होत नाही, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन हे जंतू मारतं. पण 2005 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडल्याची नोंद झाली. माणसात तो आढळल्याची भारतातली ती पहिली नोंद. त्याच्या शरीरात ते प्रथिन जन्मतःच तयार होत नव्हतं. सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला.

सुईबद्दल एक. अ‍ॅनाप्लाझ्मा आणि सर्रा रक्ताच्या अंशानेही पसरतात. एकाच सुईने दावणीतल्या दहा गायींना ओळीने टोचलं, तर पहिल्या गायीचा रोग दहावीपर्यंत आपणच पोचवतो. दर जनावराला नवी सुई मागा. ती काही रुपयांची असते.

इंजेक्शननंतर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहा. योग्य औषध लागलं असेल तर दोन दिवसांत तो खाली येऊ लागतो. नुसतं ताप उतरवणारं औषधही सोबत दिलं असेल तर आकडा फसवा असतो. मग रवंथ सुरू झाला का आणि डोळ्याच्या आतला रंग कसा आहे ते बघा. चढता ताप, धाप, आडवं पडणं, यांपैकी काही दिसलं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं.

बरी झालेली गाय बहुतेक वेळा जंतू रक्तात बाळगूनच असते. तिच्या अंगावर पोसलेली गोचीड उद्या शेजारच्या वासराला चावते. बॅबेसिया तर मादी गोचिडीच्या अंड्यांतही उतरतो, आणि एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून फवारणी गायीच्या अंगाबरोबर भिंतीच्या भेगांतही हवी. थायलेरिया पसरवणारी गोचीड तिथेच दडते. थायलेरियावर हैदराबादला तयार होणारी लस आहे, संकरित वासरं असतील तर डॉक्टरांशी तिच्याबद्दल बोला.

आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने का होईना, चार गोष्टी लिहून ठेवा: तारीख, वजन, औषधाचं नाव, किती मिली. पुन्हा ताप आला तर मी येईन किंवा दुसरं कोणी येईल, पहिला प्रश्न हाच असणार आहे.